काचेवर सोन्याचे नॅनोकण निळे का पडतात, आणि आरशावर काहीच का होत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिट्रेट पद्धतीने केलेलं सोन्याचं कॉलॉइड (पाण्यात तरंगणारे नॅनोकण) कुपीत लालभडक, पीक (प्रकाश सर्वात जास्त शोषला जातो ती तरंगलांबी) ५२० नॅनोमीटरला. तेच स्लाइडवर थेंब टाकून पंख्याखाली वाळवलं की निळसर-जांभळं, आणि ६४० च्या आसपास दुसरा फुगवटा. म्हणून 'पृष्ठभागावर कण मोठे होतात' असं प्रोजेक्टमध्ये लिहायचं का? आणि बाजारातून आणलेल्या आरशावर कण ठेवूनही वेगळं काही दिसलं नाही, ते का?

ते वाक्य लिहू नका. १०० नॅनोमीटरच्या सोन्याच्या गोळ्याचं पीकसुद्धा पाण्यात ५७० च्या आसपासच असतं. तुमचे पंधरा-वीस नॅनोमीटरचे कण नुसते फुगून ६४० ला पोचणं शक्य नाही.

कणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राबरोबर मागे-पुढे हलतात. त्यांची लय कुठे जुळते हे धातूइतकंच भोवतालच्या माध्यमावर ठरतं. छोट्या गोळ्यासाठी धातूचा परावैद्युतांक (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो तो आकडा) माध्यमाच्या उणे दुप्पट झाला की अनुनाद येतो, म्हणजे ही लय जुळते. म्हणजे माध्यमाचा अपवर्तनांक वाढला की पीक लाल बाजूला सरकतं, कमी झाला की निळ्या बाजूला. आता तुमची स्लाइड बघा. पाणी (१.३३) उडून गेलं, कणाभोवती हवा आली, फक्त खालच्या अंगाला काच (१.५). एकटा कण असता तर वाळल्यावर पीक किंचित निळ्याकडे जायला हवं होतं. तुमचं गेलंय उलट दिशेला, तेही शंभरावर नॅनोमीटर! एवढं सरकवण्याची ताकद काचेत नाही. काचेत उमटणारा प्रतिमा-भार (कणातल्या भाराचं पृष्ठभागात पडणारं जणू प्रतिबिंब) मूळ भाराच्या ०.३८ पट, म्हणजे जेमतेम. त्याने पीक थोडंफार हलतं, इतकंच.

मग हा उद्योग कोणाचा? शेजारच्या कणांचा. थेंब वाळताना पाण्याचा प्रवाह कण कडेला वाहून नेतो आणि शेवटचं पाणी आटताना केशिकाबल (पाण्याच्या पृष्ठताणाची ओढ) त्यांना एकमेकांना चिकटवतं. चिकटलेल्या कणांचे इलेक्ट्रॉन जोडीने हलतात, म्हणून तो ६४० चा फुगवटा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्यात वर पंखा. थेंबाला सावकाश वाळायला सवडच मिळत नाही. शिवाय स्लाइड बोअरच्या पाण्याने धुतल्याचं तुम्ही लिहिलंय. त्या जड पाण्यातलं कॅल्शियम कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारा सिट्रेटचा ऋणभार झाकून टाकतं आणि कण गोळा व्हायला लागतात. शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्यानेच करा.

खात्री करायची सोपी रीत: स्लाइडला अमिनोसिलेनचा (कणांना काचेशी धरून ठेवणारं रसायन) थर द्या, ती कॉलॉइडमध्ये बुडवून ठेवा, धुवा, आणि वाळू न देता पाण्यातच यूव्ही-व्हिजिबल (कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश शोषला जातो त्याचा आलेख) काढा. ५२० च्या जरा पुढे एकच पीक मिळालं तर कण सुटे आहेत. मग तीच स्लाइड वाळवून पुन्हा काढा. फुगवटा वाळल्यावरच उगवला तर गुन्हेगार सापडला. हे दोन आलेख शेजारी-शेजारी लावले तर परीक्षकाला वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

आता आरसा. घरातल्या आरशात चांदी काचेच्या मागे असते. तुम्ही पुढून ठेवलेला कण चांदीपासून तीन-चार मिलिमीटर लांब राहिला. कणाचं निकट-क्षेत्र (कणाला लगटून असलेलं तीव्र विद्युतक्षेत्र) साधारण त्याच्या त्रिज्येएवढ्या अंतरात विरतं, म्हणजे तुम्ही लाखो पट दूर होतात. कण उघड्या धातूच्या थरावर, मध्ये एक-दोन नॅनोमीटरचा पातळ थर ठेवून बसवला तर मात्र चित्र पालटतं. धातूतला प्रतिमा-भार जवळजवळ पूर्ण ताकदीचा असतो. पृष्ठभागाला काटकोनात होणारं कंपन आणि त्याची प्रतिमा एकाच दिशेला असतात, त्यामुळे सगळं क्षेत्र कण आणि धातू यांच्यातल्या त्या पातळ फटीत दाटतं आणि पीक बरंच लाल बाजूला सरकतं. पृष्ठभागाला समांतर कंपनाची प्रतिमा उलटी असते, ती त्याला बरीचशी मारून टाकते.

इथेच बहुतेकांची गोची होते. प्रकाश सरळ वरून टाकला तर त्याचं विद्युतक्षेत्र पृष्ठभागाला समांतर असतं, मग फटीतलं कंपन जागं होतच नाही. तिरका प्रकाश आणि पी-ध्रुवीकरण (विद्युतक्षेत्राचा काही भाग पृष्ठभागाला काटकोनात असतो ते; एस-ध्रुवीकरणात ते पूर्ण समांतर असतं) लागतं. आणि डार्क-फिल्डमध्ये (फक्त विखुरलेला प्रकाश दाखवणारी सूक्ष्मदर्शकाची पद्धत) एकेक कण बघायचा असेल तर पंधरा नॅनोमीटरचे कण उपयोगाचे नाहीत. विकिरण (प्रकाश विखुरणं) त्रिज्येच्या सहाव्या घातात वाढतं, म्हणून साठ-ऐंशीचे घ्या.

धातूचा थर बाष्पीभवनाने करून मिळाला तर उत्तमच. टोलेन्सने (चांदीच्या क्षाराचं अमोनियायुक्त द्रावण) काचेवर चांदी चढवणार असाल तर तेही चालेल, पण उरलेलं द्रावण बाटलीत भरून ठेवू नका, लगेच आम्ल टाकून विल्हेवाट लावा. साठवलं तर त्यात स्फोटक साका तयार होतो. चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते, म्हणून थर केला त्याच दिवशी कण बसवा. मग एस आणि पी, दोन्ही ध्रुवीकरणांचे परावर्तनाचे आलेख इथे टाका, कोन किती ठेवला तेही लिहा. फटीची जाडी त्यावरून बोलू.