गणपतीच्या मांडवात डार्विन

प्रश्न : दादा, मी दारव्हा तालुक्यातला, बीएस्सीला आहे. यंदा आमच्या मंडळानं गणपतीत वादविवाद ठेवला, माणूस देवानं घडवला का माकडापासून झाला. देवाच्या बाजूनं गावातले एक महाराज, अन डार्विनच्या बाजूनं मले उभं करून राह्यले. महाराज बोलाले लय तयार, पहिलेच विचारतीन की माकडाचा माणूस झाला तर माकडं अजून काहून आहेत. उभं राहू का नको?

उत्तर : माकडाचं आधी उरकतो. आजच्या माकडापासून आपण झालोच नाही भाऊ, दोघांचा पूर्वज एक. चुलतभाऊ जिता आहे म्हणून तुम्ही खोटे ठरता का? बस, एवढंच सांगा.

पण मी असतो तर त्या स्टेजवर चढलो नसतो. आपल्याकडे खडी गंमतीत कलगी-तुऱ्याचा झगडा रंगते, तुरेवाले म्हणतात शिव मोठा, कलगीवाले म्हणतात शक्ती मोठी, ज्याची जबान तेज त्याची वाहवा, अन सकाळी घरी जाऊन लोक दोघांलेही हात जोडतात. अमेरिकेत हेच झालं. ड्वेन गिश नावाचा सृष्टिनिर्मितीवाला होता, म्हणजे सगळं देवानंच घडवलं म्हणणारा, स्वतः बायोकेमिस्ट्रीचा पीएचडी, तो स्टेजवर इतके मुद्दे धडाधड फेकायचा की समोरचा एकाचं उत्तर देईपर्यंत टाइम संपे. शेवटी १९९४ मध्ये उत्क्रांतीच्या बाजूच्या युजिनी स्कॉटबाईंनी त्या पद्धतीले 'गिश गॅलप', म्हणजे गिशची घोडदौड, असं नावच ठेवलं. अन ४ फेब्रुवारी २०१४ ले केंटकीत टीव्हीवर सायन्स सांगणारा बिल नाय आणि सृष्टिनिर्मितीवाला केन हॅम समोरासमोर आले, तेव्हा कोणी विचारलं, तुमचं मत कशानं बदलेल? बिल नाय म्हणाला एक पुरावा दाखवा, हॅम म्हणाला देवाच्या शब्दावरून मले कोणीच हलवू शकत नाही. मग वाद कायचा? उलट काही आठवड्यांत हॅमच्या संस्थेनं सांगितलं की बायबलातल्या नोहाच्या नौकेच्या प्रतिकृतीचं बांधकाम सुरू कराले पुरेसा पैसा जमला, वादाच्या प्रसिद्धीनं मदतच झाली.

कोर्टाची गोष्ट वेगळी, तिथं टाळ्या चालत नाहीत अन उलटतपासणी चुकत नाही. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियात डोव्हरच्या शाळेत 'इंटेलिजंट डिझाइन' (जीव कोण्या बुद्धिमान कर्त्यानं घडवले हे मत) आणल्यावरून केस झाली. त्या बाजूचे मोठे साक्षीदार मायकल बेही यांनी कबूल केलं की सायन्सच्या त्यांच्या व्याख्येत ज्योतिषही बसते (आपल्या पंचांगवाल्यांले कळवा कोणी तरी). निकाल त्यांच्या विरोधात गेला.

मंडळ ऐकतच नसन तर वादविवाद काढून शिवारफेरी ठेवा. २००२ मध्ये बीटी कपाशी आली, झाडातच अळीचं विष असलेली, बोंडअळी मरत होती, २०१७ ले त्याच बीटीत गुलाबी अळीनं यवतमाळ खाल्लं, ते तुमच्या घरच्यांले सांगायची गरज नाही. अळीनं बीटीचा अभ्यास थोडीच केला, लाखात ज्या दोन-चार तगल्या त्यांचीच पिल्लं वाढत गेली, डार्विन याच्याहून वेगळं काय म्हणते. महाराज म्हणतीन अळीची अळीच राहिली, बैल तर नाही झाला. बरोबर आहे, तेवढ्या वर्षांत होणारही नाही. मग त्यांले वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याची गोष्ट सांगा, तिथं डायनासोरची हाडं अन दगड झालेलं शेण सापडलं, त्या शेणात गवताचे अंश निघाले, हे २००५ मध्ये छापून आलं. तो थर बैल जगात यायच्या लय आधीचा, त्यात बैलाचं एक हाड काढून दाखवा म्हणा, डार्विन तिथंच गोत्यात येईल.

अन गणपतीत कपाशी फुलावर असतेच. मांडवात चार डोमकळ्या (गुलाबी अळी आत बसल्यानं मिटून राहिलेली फुलं) आणा, पहिली महाराजांले उघडू द्या.