फुटलेली बांगडी ‘वाढते’ ती कशी?

प्रश्न : आमच्या घरी देवापुढे नारळ फोडत नाहीत, ‘वाढवतात’, बांगडी फुटली तरी ‘वाढली’ असेच म्हणायचे. कन्नड शाळेत जाणाऱ्या माझ्या नातीने परवा विचारले, ‘आजी, फुटलेली बांगडी मोठी कशी होईल?’ तिला काय सांगू?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : नातीला सांगावे की येथे अर्थ मुद्दामच उलटा केलेला आहे. सौभाग्याच्या किंवा पूजेच्या वस्तूबाबत ‘फुटणे’ हा शब्द उच्चारणे अशुभ मानले गेले, म्हणून त्याच्या जागी भरभराटीचा शब्द बसवला. घरातून निघताना आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. हिंदीतही दिवा विझवण्याला ‘दीया बढ़ाना’ म्हणतात.

शब्दाचे मूळ संस्कृत ‘वृध्’ या धातूत आहे. ‘वर्धते’चे प्राकृतात ‘वड्ढइ’ झाले आणि मराठीत येताना जोडाक्षर सुटून आधीचा स्वर लांबला, जसे ‘हत्थ’चे ‘हात’ झाले. शिवरायांच्या मुद्रेतला ‘वर्धिष्णु’ आणि आपला ‘वाढदिवस’ हे अशा रीतीने एकाच कुळातले ठरतात. ‘वृद्ध’ हाही मुळात ‘वाढलेला’च, म्हातारपण त्याला नंतर चिकटले.

खरी गंमत पंगतीत आहे. ‘मूल वाढले’ आणि ‘आईने भात वाढला’ या दोन वाक्यांत क्रियापद तेच दिसते, पण पहिले अकर्मक आहे आणि दुसरे सकर्मक, म्हणूनच दुसऱ्यात ‘आईने’ असा ‘ने’ लागतो. ‘वर्धते’ म्हणजे स्वतः वाढणे आणि ‘वर्धयति’ म्हणजे दुसऱ्याला वाढवणे, हे संस्कृतातले दोन्ही अर्थ मराठीने एकाच ‘वाढणे’त सामावून घेतले, असे मला वाटते, ताटात भर घालणारी ती वाढणारी. सौंदत्तीच्या यल्लमाच्या नावाने दारी आलेली जोगतीण ‘जोगवा वाढा’ म्हणते, तेव्हा परडीत पडणारे पसाभर धान्य याच अर्थाने ‘वाढले’ जाते. पुढे मोठे करण्याच्या अर्थासाठी ‘वाढवणे’ हे वेगळे प्रयोजक रूप रुळले आणि नारळाच्या वाट्याला तेच आले.

नातीला शाळेतलाही एक धागा दाखवता येईल. व्याजाला कन्नडमध्ये ‘बड्डी’ म्हणतात, आणि तो शब्द संस्कृत ‘वृद्धि’चाच तद्भव आहे; आरंभीच्या ‘व’चा कन्नडमध्ये ‘ब’ होतो, जसे ‘वसति’चे ‘बसदि’ (जैन मंदिर) झाले. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे अशीच एक बसदि, तिने पाहिली असेल, तर हे उदाहरण तिला चटकन कळेल. आपण मराठीत ‘व्याज’ म्हणतो खरे, पण व्याजावर व्याज चढू लागले की त्याला ‘चक्रवृद्धी’च म्हणतो, म्हणजे कन्नड ‘बड्डी’ची थोरली बहीण आपल्याही हिशेबाच्या वहीत बसलेलीच आहे.