विहिरीला कुलूप घालून जाऊ नका

तुम्ही लिहिलंत की नोव्हेंबरात दोघंही कॅनडाला निघताय, आई-बाबा पुण्याला बहिणीकडे राहणार आणि गुहागरचं घर बंद. मग आगरातल्या (नारळ-पोफळीच्या बागेतल्या) विहिरीवर स्लॅब टाकावा का, आणि शेजारी बोअर मारून फोनवरून पंप चालू करणारा मोबाइल स्टार्टर बसवला तर तिकडून शिपणं होईल का? माझं दोन्हीला नाही असंच उत्तर आहे. मी सोळा वर्षं मस्कतला आहे, घर रत्नागिरी तालुक्यात, गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर. झाकणाची आणि स्टार्टरची अशा दोन्ही चुका मी पदरचे पैसे घालून केल्या आहेत.

पहिल्या वर्षी विहिरीवर पत्रे टाकले, त्यावर चार चिरे ठेवले आणि निर्धास्त निघालो. मे महिन्यात येऊन पत्रा सरकवला तर वासानेच मागे झालो. फटीतून फणसाची पानं पडून खाली काळा लगदा झालेला, पाण्यावर तवंग, त्यात एक फुगलेला उंदीर. आतल्या सांध्यात पिंपळाचं रोप हातभर वाढलेलं आणि मुळाने तीन चिरे ढिले केलेले. विहीर उघडी असती तर येता-जाता कोणाचं तरी लक्ष गेलं असतं, बोटभर असतानाच कोणी ते उपटलं असतं. झाकलेल्या विहिरीत डोकावतं कोण?

झाकणाला माझा विरोध नाही. पोरं आणि गुरं पडू नयेत म्हणून लोखंडी जाळी हवीच. तिच्यावर नायलॉनची बारीक जाळी ताणा म्हणजे पानं अडतील, आणि पोहरा जाईल एवढं दार ठेवा. कठडा कमरेएवढा, भोवती सिमेंटचा ओटा आणि त्याला बाहेर उतार. पहिल्या पावसाचं अंगणातलं पाणी आत शिरलं की पुढचं सगळं व्यर्थ. डासांसाठी आरोग्य खात्याकडून गप्पी मासे मागून आणा. पण खरी गरज उपशाची. पाणी निघत राहिलं तर झरे मोकळे राहतात, नाहीतर गाळ बसून तोंडं बुजतात.

म्हणून आधी माणूस शोधा. आमच्याकडे शेजारच्या काकू रोज दोन गुरांना आणि परसातल्या भाजीला आमच्या विहिरीचं पाणी नेतात. मी त्यांना पैसे देत नाही, त्या मला पाण्याचे मागत नाहीत. पाणी गढूळ झालं, जाळी फाटली, काही पडलं की त्यांच्या मुलाचा फोन येतो. तुमच्या बाबांना भीती वाटेल ती माहीत आहे, आमच्याही काकांना वाटली होती: आज पाणी देताय, उद्या हक्क सांगतील! १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात २० वर्षांच्या अखंड वहिवाटीने हक्क मिळतो हे खरं, पण ती वहिवाट हक्काने केलेली असावी लागते. मालकाच्या परवानगीने नेलेलं पाणी त्यात धरत नाहीत. तेव्हा ‘आमच्या परवानगीने पाणी नेतो’ एवढा कागद दोघांच्या सहीने करून ठेवा, वकिलाला एकदा दाखवा. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का तेही निघण्याआधी बघा. विहीर भावकीत सामाईक असेल तर वाटणीपत्रात पाण्याच्या पाळ्या काय लिहिल्यात ते शोधा. (ओमानात फलज म्हणून पाण्याचे जुने पाट आहेत, त्यांतले पाच २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. तिथेही पाण्याच्या वेळा वाटून दिलेल्या, त्या दिवसा सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर मोजायचे. पाळीचं भांडण जगात सगळीकडे सारखंच असावं.)

आता मोबाइल स्टार्टर. फोनवरून गावचा पंप चालू होतो याचं मला कोण कौतुक! ऑफिसात मित्रांना दाखवायचो. एप्रिलमधल्या एका दुपारी बटण दाबलं, मीटिंगला गेलो आणि विसरलो. आपल्याकडे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण आपला जांभा दगड म्हणजे चाळण. जुलैत वाकून तांब्या बुडवावा इतकं वर आलेलं पाणी होळीनंतर भराभर उतरतं. त्या दिवशी आमच्या विहिरीत जेमतेम गुडघाभर होतं. ओपनवेल सबमर्सिबल, म्हणजे विहिरीच्या पाण्यात बुडवून ठेवायची मोटर, भोवतालच्या पाण्यानेच थंड राहते. पाणी संपलं, मोटर कोरडी फिरत राहिली आणि वाइंडिंग जळालं. स्टार्टर बसवायचाच असेल तर पाणी संपताच पंप बंद करणारा ड्राय रनचा कटआउट आधी बसवा. तरीही पंप लावताना कोणीतरी विहिरीशी उभं असणं वेगळं.

बोअरचं त्याहून गंभीर आहे. तुमचं आगर पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, आणि पुळणीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ हिशेब असा की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल तर सपाटीखाली सुमारे ४० मीटर गोडं पाणी असतं. म्हणजे उपशाने पातळी कायमची १ फूट उतरली की खारं पाणी खालून ४० फूट वर येऊ बघतं. हाताने शेंदून किंवा रहाटाने ते कधी झालं नाही, कारण माणूस आणि बैल दमतात. मोटर दमत नाही. आमच्या वाडीत एकाने बोअर मारला, दोन उन्हाळ्यांत त्याचं पाणी मचूळ झालं आणि तिसऱ्या उन्हाळ्यात लगतच्या विहिरीचंही. नारळ ते एकवेळ सोसेल, पोफळ नाही सोसणार. विहिरीवर लहान पंप ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं पाणी काढायला सांगा.

गाळ दरवर्षी वैशाखात, मृगाच्या आधी काढून घ्या, पाणी तेव्हा सगळ्यांत खाली असतं. इथे एक गोष्ट नीट कान देऊन ऐका. बरेच दिवस न उपसलेल्या विहिरीत कोणाला सरळ उतरवू नका. तळाशी प्राणवायू कमी असतो, माणूस खाली जाताच बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. आधी पाण्यावर बादल्या आपटून किंवा झाडाची डहाळी दोरीला बांधून खालवर करून हवा खेळवा. मग कंदील सोडतात. तो विझला तर उतरायचं नाहीच, पण तेवत राहिला म्हणजे विषारी वायू नाही असं मात्र नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन दणकट माणसं हवीत. डिझेल किंवा पेट्रोलचा पंप विहिरीत कधीच उतरवू नका, त्याचा धूर आतच साठतो.

पाणी निर्जंतुक करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ग्रामपंचायतीत मिळेल. मूठ-मूठ फेकायची नसते. व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर खोल असेल तर साधारण २८,००० लिटर होतात. १,००० लिटरला अडीच ग्रॅमप्रमाणे ७० ग्रॅम पुरे. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती पाण्याखाली सोडायची आणि दोरीला हिसके देत ढवळायची. तासाभराने गावच्या जलसुरक्षकाकडून ओटी चाचणी करून घ्या, पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते तिच्यात कळतं. मासे सोडले असतील तर पावडर जपून, नाहीतर सकाळी ते उताणे दिसतील. वर्षातून एकदा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत हवं. दरवर्षीचे आकडे वहीत लिहिले की पाणी मचूळ व्हायला लागल्याचं जिभेच्या आधी कळतं. संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून १८ मीटर तरी लांब असावा. तुमचा तेवढा लांब नसेल तर घर बंद असतानाच हलवून घ्या, नंतर होत नाही.

मस्कतला माझ्या नळाला समुद्राचंच गोडं केलेलं पाणी येतं. चांगलं असतं, तक्रार नाही. पण गणपतीला घरी आलो की पहिला पोहरा मी स्वतः शेंदतो, आणि काकू ओट्यावरून ओरडतात, “दोर नवा आहे हो, हात सोलाल!”

निघण्याआधी दोरीला हाताहातावर गाठी मारून तळ आणि पाण्याची पातळी मोजा, आणि ती दोरी ज्याच्यावर विहीर सोपवाल त्याच्याकडे द्या. दर पौर्णिमेला किती गाठी भिजल्या तेवढंच त्याने फोनवर सांगावं. आमच्याकडे परवाच्या पौर्णिमेला सात भिजल्या.