अमेरिकेतल्या हिस्पॅनिक बायकांमध्ये एचआयव्हीचा धोका कोणाला जास्त: बाहेरून आलेल्यांना की तिथंच जन्मलेल्यांना?

हा प्रश्न वाचून गप्प बसवेना. मी मूळची मिरजेची, गेली अकरा वर्षं ह्यूस्टनमधल्या एका दवाखान्यात रक्त काढायचं काम करते. समोर बसणाऱ्या बहुतेक जणी हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिन अमेरिकेतल्या मुळाच्या, स्पॅनिश बोलणाऱ्या, त्यामुळे ती भाषाही तिथंच शिकले.

एकाच घरातल्या दोघींचं सांगते (ओळख पटेल असे तपशील बदललेत). आई होंडुरासहून आलेली, पंचेचाळिशीची, रात्री ऑफिसं साफ करणारी. मुलगी ह्यूस्टनलाच जन्मलेली, बावीस वर्षांची. आईला मधुमेह, म्हणून दर तीन महिन्यांनी माझ्याकडे यायची. सव्वा वर्षात पाच वेळा मी तिचं रक्त काढलं. तेवढ्यात तिला दोनदा नागीण झाली, तोंडात पांढरा थर यायला लागला, कपडे अंगावर लोंबायला लागले. सगळं साखरेच्या नावावर खपलं. लैंगिक संबंधांबद्दल विचारलं की तिचं एकच उत्तर असायचं, 'सोय कासादा', माझं लग्न झालंय. नवरा छपरं घालणाऱ्या टोळीत. वादळ झालं की लुइझियाना, फ्लोरिडा, महिनोन् महिने बाहेर.

तिसऱ्या खेपेला मी डॉक्टरबाईंना विचारलं, एचआयव्हीसाठी एक नळी जास्त काढू का? त्या म्हणाल्या, "चर्चला जाणारी बाई आहे, दुखावेल. पुन्हा येणार नाही. तुमच्याकडेही लग्न झालेल्या बाईला असलं कोणी विचारत नाही, तुला तरी हे कळायला हवं." मी गप्प बसले. ते अजून सलतं. न्यूमोनिया होऊन ती दुसरीकडे भरती झाली तेव्हा निदान झालं. एचआयव्ही ज्यांना मारतो त्या रक्तातल्या प्रतिकाराच्या पेशी, सीडी4, तोवर 200 च्या खाली गेल्या होत्या, म्हणजे आजार फार पुढे गेला होता.

मुलीला आदल्या वर्षी क्लॅमिडिया हा गुप्तरोग झाला होता, म्हणून दवाखान्यात सगळ्यांच्या लेखी 'धोक्यातली' ती होती. तिनं एचआयव्हीची तपासणी स्वतःच मागून घेतली. निगेटिव्ह.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर ढोबळ मानानं हेच आहे. तिथं जन्मलेल्या मुलींचे संबंध लवकर सुरू होतात, जोडीदार जास्त असतात, इतर गुप्तरोगही जास्त आढळतात. पण माझ्या पाहण्यात कंडोम मागायची आणि तपासणीला जायची सवय त्यांना जास्त. बाहेरून आलेल्या बाईचा जोडीदार बहुधा एकच, नवरा. त्याला कंडोम वापर म्हणणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, म्हणून ती म्हणत नाही. हिस्पॅनिक बायकांना हा संसर्ग मुख्यतः पुरुषाशी संबंधातूनच होतो. मग जोडीदार मोजून धोका कसा कळणार?

दुसरा घोळ ग्रीन कार्डचा. ती आई नंतर मला म्हणाली, "2013 मध्ये कागदपत्रांच्या वेळी सगळं रक्त तपासलं होतं की." सगळं नव्हतं तपासलं. त्या वैद्यकीय तपासणीतून एचआयव्ही 4 जानेवारी 2010 पासून वगळलाय. वगळला हे योग्यच झालं, आजारावरून माणसाला देशाबाहेर ठेवणं अन्यायाचं होतं. पण बायकांना ते कोणी सांगितलंच नाही. तिची खरी तपासणी झाली होती ती या मुलीच्या वेळी, गरोदरपणात. इथं आलेल्या आपल्या मराठी बायकांनीही स्वतःची शेवटची तपासणी कधी झाली ते आठवून बघावं.

आणि डॉक्टरबाईंना तेव्हा जे बोलता आलं नाही ते इथं बोलते. हो, आमच्याकडेही विचारत नव्हते. 1997 मध्ये पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथं आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या बायकांपैकी शंभरात तेरा-चौदा जणींना एचआयव्ही निघाला, आणि तपासलेल्या या बायकांतल्या बहुतेकींचा संबंध फक्त नवऱ्याशी होता. लग्न ही लस नव्हे, हे आम्ही फार मोठी किंमत मोजून शिकलो. बाई दुखावते ती तिलाच वेगळं काढून विचारल्यावर. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं 2006 मध्येच सांगितलंय की 13 ते 64 वयाच्या प्रत्येकाची एकदा तरी तपासणी करा, धोका आहे की नाही हे न बघता. "आम्ही सगळ्यांचीच करतो" एवढं म्हटलं की कोणी दुखावत नाही. मी आता तेच म्हणते, आणि आजवर एकही बाई खुर्चीवरून उठून गेलेली नाही.

थोडं उशिरा सांगतेय, पण हिस्पॅनिक म्हणजे एक जात नव्हे. प्वेर्तो रिकोच्या बायका जन्मानंच अमेरिकन नागरिक, आणि ईशान्येकडच्या शहरांत त्यांच्या वस्त्यांत सुईनं घेतलेल्या नशेचा वाटा मोठा होता. नवऱ्याच्या मारहाणीला भिऊन गप्प राहणारीला तर माझे हे शब्द पुरणार नाहीत. कागदपत्रं नसलेल्या बाईनं उपचारांपासून लांब राहू नये, एचआयव्हीच्या उपचारांसाठी असलेल्या रायन व्हाइट या सरकारी योजनेत नागरिकत्वाची अट नाही. मी डॉक्टर नाही, तरी एचआयव्ही होऊच नये म्हणून प्रतिबंधक गोळी घ्यायची असेल तर नाव विचारून घ्या: ट्रुव्हाडा बायकांना चालते. डेस्कोव्ही 2019 मध्ये या कामासाठी मंजूर झाली ती योनीमार्गातून धोका असणाऱ्यांना वगळून, कारण तिच्या चाचणीत आम्हा बायकांना घेतलंच नव्हतं.