‘गो’चं ‘गोड’ का होत नाही?

सातवीतल्या मुलीचा प्रश्न तिच्या आईने धाडलाय: ‘प्ले’चं ‘प्लेड’ होतं, मग ‘गो’चं ‘गोड’ का नाही? हे ‘वेंट’ आलं कुठून? शिवाय ‘हॅज गॉन’ आणि ‘हॅज बीन’ यांत फरक काय?

पोरगी हुशार आहे. मोठी माणसं असलं काही न विचारता ‘आय डिडंट वेंट’ म्हणून मोकळी होतात. हे रोज कानावर पडतं आणि रोज डोकं उठतं. अहो, ‘डिड’ आला की भूतकाळ झाला, पुढे साधा ‘गो’च यायचा.

‘वेंट’ मुळात ‘गो’चं रूपच नाही. ते ‘वेंड’चं, म्हणजे वळणे, वाट धरणे या अर्थाच्या वेगळ्याच क्रियापदाचं. ‘सेंड-सेंट’, ‘बेंड-बेंट’, तसं ‘वेंड-वेंट’. जुन्या इंग्रजीत या जागी ‘एओडे’ होतं, तेही ‘गो’पासून झालेलं नव्हे. ते मागे पडलं आणि ‘वेंट’ने जागा बळकावली. व्याकरणाची पुस्तकं ‘अनियमित’ असा शिक्का मारून पुढे सरकतात. याला उत्तर म्हणत नाहीत, टाळाटाळ म्हणतात.

कारण आपल्या घरात हेच चालतं! ‘जातो’ हे संस्कृत ‘याति’वरून (‘यव’चा ‘जव’ झाला तसा ‘य’चा ‘ज’), पण ‘गेला’ हे ‘गत’वरून. धातू दोन, संसार एक. हिंदीची तर कमालच. ‘जाएगा’तलं ‘जाए’ हे ‘या’ धातूचं आणि ‘गा’ हा ‘गत’चा अवशेष. म्हणून तर तो ‘गी’, ‘गे’ असा विशेषणासारखा बदलतो. भविष्यकाळाच्या पोटात ‘गेलेला’ बसलाय!

आता ‘गो म्हणजे आपला गम्’ (संस्कृतातला ‘जाणे’ अर्थाचा धातू) असं ठोकून देणाऱ्या पंडितांसाठी. ध्वनी जुळला की नातं जुळलं, असं नसतं. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्येच नियम मांडून ठेवलाय: मूळच्या ‘ग’चा जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या भाषांत ‘क’ होतो. संस्कृत ‘गो’, म्हणजे गाय, इंग्रजीत ‘काऊ’ झाली ती अशीच. त्याच हिशेबाने ‘गम्’चा इंग्रजी भाऊ आहे ‘कम’. आपलं जाणं ते त्यांचं येणं.

हां, ‘हॅज गॉन’ राहिलंच. ‘ही हॅज गॉन टू नाशिक’ म्हणजे गेलाय, अजून तिकडेच आहे. ‘हॅज बीन’ म्हणजे जाऊन आलाय. समोर उभं राहून कुणी ‘आय हॅव गॉन टू नाशिक’ म्हणालं, तर मग इथे कोण उभंय, असं खुशाल विचारा.