माथ्यावरून सुटलेली गाडी : रोलर कोस्टर बांधणाऱ्यांना विचारलेले प्रश्न

रोलर कोस्टरच्या शौकिनांनी उत्पादकांना काय विचारावंसं वाटतं ते कळवा, असं आवाहन या सदरात केलं होतं. आलेल्या पत्रांतून काही प्रश्न निवडले आहेत. ‘सगळ्यात उंच कुठला’ छापाचे प्रश्न बाजूला ठेवले, कारण त्यांची उत्तरं पार्कच्या पाटीवरच लिहिलेली असतात.

सकाळच्या पहिल्या फेरीला गाडी मंद वाटते आणि दुपारी तीच सुसाट सुटते. उंची तीच, साखळी तीच. मग फरक कुठून येतो? (पुणे)

हा भास नाही, फरक खरा आहे. साखळीने गाडी माथ्यावर नेऊन सोडली की तिचं काम संपलं. गाडीत इंजिन नसतं आणि ऑपरेटरच्या हातात वेग वाढवायचं बटणही नसतं. उंचीवरून मिळालेली ऊर्जा हेच सगळं भांडवल. चाकं, बेअरिंग आणि हवा वाटेत त्यातून आपापला हिस्सा कापून घेतात. घर्षण शून्य धरलं तर ४० मीटर उतारानंतर वेग ताशी साधारण १०१ किलोमीटर भरतो, गाडी रिकामी असो वा भरलेली. बदलतो तो हिस्सा.

रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या बेअरिंगमधलं ग्रीस घट्ट झालेलं असतं. चाकावरचा पॉलियुरेथेनचा (रबरासारख्या प्लास्टिकचा) थर गार असतो आणि दबून पुन्हा फुगताना जास्त ऊर्जा खातो. काही फेऱ्या झाल्या की दोन्ही तापतात आणि गाडी मोकळी पळू लागते. म्हणूनच फाटक उघडण्याआधी रिकाम्या फेऱ्या मारतात. काही ठिकाणी सीटवर पाणी भरलेले प्लास्टिकचे पुतळे बसवतात. भरलेली गाडी जड असते, पण हवेचा विरोध साधारण तेवढाच राहतो, त्यामुळे ती रिकामीपेक्षा कमी मंदावते.

आराखडा करताना उत्पादक दोन टोकं धरतो. एका टोकाला गार सकाळ, रिकामी गाडी आणि समोरून वारा. दुसऱ्या टोकाला तापलेली दुपार, भरलेली गाडी आणि ओला, घसरडा रूळ. पहिल्या परिस्थितीत गाडीने प्रत्येक चढ ओलांडलाच पाहिजे; दुसऱ्या परिस्थितीत कुठल्याही वळणावर माणसाच्या मानेला सोसेल त्यापेक्षा जास्त भार येता कामा नये. पहिला हिशेब चुकला तर गाडी दोन चढांच्या मधल्या खोलगटात झुलत झुलत थांबते. याला ‘व्हॅली होणं’ म्हणतात. तिथून ती विंचने ओढून, नाहीतर क्रेनने डबे उतरवून काढावी लागते, आणि पार्कचा तो दिवस वाया जातो.

चाकांची निवडही याच हिशेबातली. नायलॉनचं चाक कडक, म्हणून वेगवान. पण आवाज आणि हादरे जास्त. पॉलियुरेथेन मऊ, बसायला सुखाचं, पण गाडीला थोडं मागे ओढणारं. थर फार तापला तर तो धातूच्या चकतीपासून सुटतो किंवा त्याचे टवके उडतात. म्हणून मेकॅनिक रोज सकाळी चाकं हाताने फिरवून बघतो, थर चाचपतो, बेअरिंगची खरखर ऐकतो.

लूप अगदी गोल का नसतो? पाण्याच्या थेंबासारखा का दिसतो? (नागपूर)

गोल लूप करून पाहिला होता. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५ साली ‘फ्लिप फ्लॅप’ नावाचा कोस्टर होता, त्याचा लूप जवळजवळ वर्तुळ होता. बसणाऱ्याच्या मानेला असा हिसका बसायचा की तो फार वर्षं चालला नाही.

आकडे घालून बघा. गाडी ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने लूपमध्ये शिरते आणि लूप २० मीटर उंच आहे. वर्तुळ असेल तर त्रिज्या १० मीटर. तळाशी वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे ६२.५, त्याला ९.८१ ने भागलं की सुमारे ६.४ जी (एक जी म्हणजे स्वतःच्या वजनाएवढा भार), वर स्वतःच्या वजनाचा १. एकूण ७.४ जी. शिवाय सरळ रुळावरून वर्तुळात शिरताना हा भार एका क्षणात येतो. आता उंची तीच ठेवून तळाची त्रिज्या २५ मीटर आणि माथ्याची ८ मीटर करा. तळाशी साडेतीन जी येतात, आणि माथ्यावर वेग कमी झालेला असल्यामुळे लहान त्रिज्या असूनही फक्त दोन जी. गाडी वर जाते तसतशी त्रिज्या कमी होत जाते, म्हणून आकार थेंबाचा. या वक्राला क्लोथॉइड म्हणतात. रेल्वेमार्ग आणि महामार्ग सरळ भागातून वळणात शिरतात तिथेही असाच संक्रमण-वक्र वापरतात, एवढंच की तिथे तो आडवा असतो.

कोस्टरमध्ये तो रुळला तो आन्टोन श्वार्त्सकोफ हे जर्मन उत्पादक आणि त्यांचे अभियंते वेर्नर श्टेंगल यांच्यामुळे. कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन पार्कमध्ये असा लूप असलेला त्यांचा ‘रिव्होल्यूशन’ १९७६ साली सुरू झाला.

चढाच्या माथ्यावर सीटवरून उचलले जातो, तेव्हा गाडीला रुळाशी काय धरून ठेवतं? (सांगली)

खालची चाकं. प्रत्येक चाकगटात तीन प्रकारची चाकं असतात : वर वजन पेलणारी, बाजूला दिशा धरणारी आणि रुळाच्या खालून अडवणारी. ही तिसरी जात जॉन मिलर या अमेरिकन अभियंत्याने १९१९ साली पेटंट केली. त्याआधी गाडीला खालून अडवणारं काही नव्हतं, म्हणून चढ-उतार बेताचेच ठेवावे लागत. पेनसिल्व्हेनियातला १९०२ सालचा ‘लीप द डिप्स’ बघितला की त्या काळाची मर्यादा लक्षात येते.

वर चढताना खडखड आवाज येतो तो मुद्दाम ठेवतात का? (पनवेल)

गाडीखालची लोखंडी खिटी रुळामधल्या दातेरी पट्टीवरून एकेक दात ओलांडत जाते, त्याचा तो आवाज. साखळी तुटली किंवा वीज गेली तर खिटी दातात अडकते आणि गाडी मागे घसरत नाही. आता खिटी दातांपासून उचलून धरणारी यंत्रणा मिळते. गाडी थांबली की ती खिटी सोडते. तरी काही पार्क आवाजाचीच पद्धत मागतात. घाबरण्याचे पैसे खडखडाटानेच वसूल होतात, असं त्यांचं गणित असावं.

उतारावरची घरघर वेगळी. खोपोलीच्या इमॅजिकात २०१३ पासून असलेला ‘नायट्रो’ ज्या स्विस कंपनीचा आहे, त्या बोलिगर अँड माबियारच्या रुळाचा कणा (पाइपांना आधार देणारी मुख्य तुळई) आतून पोकळ पेटीसारखा असतो. चाकांच्या कंपनाने तो ढोलासारखा घुमतो. शेजारी वस्ती असेल तर कण्यात वाळू भरून तो आवाज मारतात.

मध्येच वीज गेली तर ब्रेक लागणार कसे? (ठाणे)

बहुतेक आधुनिक कोस्टरच्या मुख्य ब्रेकला वीज लागतच नाही. गाडीखाली तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पाती असते आणि रुळावर कायम चुंबकांच्या दोन रांगा (काही कंपन्या हे उलट बसवतात). पाती चुंबकांमधून धावली की तिच्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि गतीला विरोध करतात. काही घासत नाही, म्हणून काही झिजत नाही. पाऊस असो, ऊन असो, जोर तोच. खोट एकच : गाडी रांगू लागली की हा जोरही ओसरतो. चुंबक गाडी मंद करतो, पण पूर्ण थांबवून धरून ठेवत नाही. शेवटचे काही मीटर घर्षणाचे ब्रेक किंवा फिरते टायर सांभाळतात. घर्षणाचा ब्रेक स्प्रिंगने बंद होणारा आणि हवेच्या दाबाने उघडणारा ठेवतात. हवा गेली तर तो आपोआप लागतो.

वीज जाण्यापेक्षा मोठा धोका दोन गाड्या एका जागी येण्याचा. त्यासाठी मार्गाचे ब्लॉक पाडतात, रेल्वेच्या सिग्नलसारखे. एका ब्लॉकमध्ये एकच गाडी. पुढचा ब्लॉक रिकामा झाल्याचं सेन्सरने कळवल्याशिवाय मागची सुटत नाही. म्हणून गाड्यांची संख्या ब्लॉकपेक्षा किमान एकने कमी हवी.

ही यंत्रणा कशी हरते ते इंग्लंडच्या आल्टन टॉवर्समध्ये २ जून २०१५ रोजी दिसलं. तिथल्या ‘स्मायलर’ कोस्टरवर त्या दिवशी पाचवी गाडी जोडली होती. रिकामी चाचणीची गाडी जोरदार वाऱ्यात चढ न ओलांडता मार्गात अडकली. संगणकाने मागची भरलेली गाडी थांबवली, म्हणजे त्याने काम चोख केलं. पण दुरुस्ती पथकाला मार्गावर किती गाड्या आहेत याचा अंदाज नव्हता. थांबा खोटा समजून त्यांनी यंत्रणा ओलांडली, म्हणजे तिचा थांबा हाताने रद्द केला, आणि १६ प्रवाशांची गाडी अडकलेल्या गाडीवर आदळली. दोन तरुणींना पाय गमवावे लागले. पार्कच्या मालक कंपनीला पुढच्या वर्षी ५० लाख पौंड दंड झाला. उत्पादकाला एकच प्रश्न विचारायची मुभा असेल तर आम्ही हा विचारू : हाताने यंत्रणा ओलांडायची किल्ली कोणाकडे, आणि ती फिरवण्याआधी सगळ्या गाड्या डोळ्यांनी मोजल्याची सही कुठे?

आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. रुळाचा पाइप कसा वाकवतात, आणि वेल्डिंग कुठे दगा देतं? (कोल्हापूर)

पाइप बहुधा थंडच, रोलरमधून वाकवतात. एकाच तुकड्यात दोन दिशांनी वाक आणि वर पीळ असतो, म्हणून वाकवलेला पाइप जिगवर (मापाच्या साच्यावर) ठेवून ठरलेल्या बिंदूंशी ताडून बघतात. मग आडव्या पट्ट्या आणि कणा वेल्ड होतो. तुकड्याची लांबी ट्रकवर मावेल इतकीच. जागेवर वेल्डिंग टाळतात. तिथे तुकड्यांच्या टोकांच्या सपाट कडा (फ्लँज) आणि उच्च ताणाचे बोल्ट. १० मीटरचा तुकडा ३० अंशांच्या फरकाने साडेतीन मिलिमीटरच्या आसपास लांबतो. रूळ वळणावळणाचा असल्याने थोडा इकडेतिकडे सरकून हे पचवतो. खांबांना ती मुभा आराखड्यातच ठेवावी लागते.

दगा देतो तो थकवा. एका झटक्यात काही मोडत नाही. दर फेरीला वेल्डच्या कडेला तोच ताण लाखो वेळा येतो आणि केसाएवढी भेग सुरू होते. अमेरिकेतल्या कॅरोविंड्स पार्कमध्ये ‘फ्युरी ३२५’चा एक खांब वेल्डच्या रेषेत पूर्ण तुटलेला ३० जून २०२३ ला दिसला. गाडी जाताना खांबाची दोन टोकं एकमेकांपासून सरकत होती, आणि ते हेरलं एका पाहुण्याने. खांब बदलून, तपासण्या करून ऑगस्टमध्ये राइड पुन्हा सुरू झाली.

भेग बहुधा आधी रंगावर दिसते : एक बारीक रेघ आणि तिच्यातून ओघळलेला तांबूस गंज. सकाळी रुळाच्या कडेने चालणारा माणूस हेच शोधतो. शंका आली की रंग खरवडून डाय-पेनेट्रंट (भेगेत झिरपणारा रंग) किंवा चुंबकीय चूर्णाची तपासणी, अॅक्सलसाठी अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींची). बोल्टची युक्ती तुम्हालाही उपयोगी पडेल. ठरलेल्या टॉर्कने आवळल्यावर नटावरून पत्र्यावर रंगाची एक सलग रेघ मारायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

न्यू जर्सीचा ‘किंगडा का’ पाडला. एवढा विक्रमी कोस्टर का नको झाला? (एडिसन, न्यू जर्सी)

१३९ मीटर उंची, ताशी २०६ किलोमीटर वेग. २००५ ते २०२४ चालला आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला सुरुंग लावून पाडला. त्याची गाडी साखळीने वर नेत नसत, जमिनीवरूनच वेगाने फेकत, आणि ही फेक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर होती. पंप तेल दाबून टाक्यांतला नायट्रोजन आवळतात. तो दाब एकदम सोडला की मोटारी ड्रम फिरवतात आणि ड्रमवरची पोलादी दोरी गाडी ओढते. दोरी झिजते, तेल तापतं आणि दर फेकीचा जोर थोडा थोडा वेगळा येतो. जोर कमी पडला तर गाडी माथा न ओलांडता मागे येते. ते अपघात नव्हे, हिशेबात धरलेलं. फेकीच्या मार्गावरची ब्रेकची पाती गाडी गेल्यावर वर उठून परतणाऱ्या गाडीला झेलते. पण प्रत्येक बंद तासाचा खर्च पार्कलाच पडतो. आता उत्पादक विद्युतचुंबकांच्या रांगेने फेकतात. त्यात दोरी नाही, तेल नाही, आणि फेक चालू असतानाच वेग मोजून जोर कमी-जास्त करता येतो.

पुढची सीट चांगली की मागची? (रत्नागिरी)

पहिल्या उतारासाठी मागची. मागचा डबा माथ्यावर येतो तेव्हा पुढचे डबे खाली धावत असतात, त्यामुळे तो माथ्यावरून खेचला जातो आणि तिथे उचलणं जास्त जाणवतं. समोरचं दृश्य आणि वारा हवा असेल तर पुढची रांग. पाठ दुखत असेल तर थेट चाकांवर येणारी सीट टाळून दोन चाकगटांच्या मधली घ्या. फलाटावर उभं राहून चाकं कुठे आहेत ते बाजूने वाकून बघितलं की कळतं.