बायॉस अपडेटनंतर पिन चालत नाही, ४८ आकडी की मागतोय. फॉरमॅट करावं लागेल का?

तुम्ही लिहिलंय की नेरुळला घरी लॅपटॉपचं बायॉस (मशीन चालू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं, आणि रीस्टार्ट झाल्यावर निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ आकडी रिकव्हरी की मागू लागला. मुलाच्या डेस्कटॉपचंही केलं, तिथे की मागत नाही, पण पिन टाकला की तो उपलब्ध नसल्याचं येतं. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारू.

फॉरमॅट मारू देऊ नका. तुमचा डेटा आत्ता जागेवर आहे, फक्त कुलूपबंद आहे. एकदा फॉरमॅट झालं की डेटा रिकव्हरीवालासुद्धा तो काढून देऊ शकत नाही, कारण डिस्कवर उरतो तो एन्क्रिप्ट झालेला मजकूर आणि त्याची किल्ली गेलेली असते. बायॉसमध्ये ‘क्लिअर टीपीएम’ असा पर्याय दिसेल, त्यालाही हात लावू नका.

मी ठाण्यात नौपाडा आणि वागळे इस्टेटमधल्या छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो. असे फोन नेहमी येतात, आणि माणसं घाबरलेली असतात ती मशीन बिघडलं असं समजून. बिघाड काहीच नसतो. टीपीएम नावाची सुरक्षा चिप असते. घरगुती मशीनमध्ये ती बहुतेक वेळा प्रोसेसरबरोबरच येते. बायॉसमध्ये इंटेलच्या मशीनवर ती पीटीटी नावाने दिसते, एएमडीच्या मशीनवर एफटीपीएम. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतंच, त्यामुळे तुमचं विंडोज ११ असेल तर ती तुमच्याकडे असणारच. मशीन चालू होताना फर्मवेअर (म्हणजे बायॉस) कसं आहे, सिक्युअर बूट (फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू आहे का, याची नोंद चिपमध्ये होते. आधीच्या नोंदीशी ती जुळली तरच चिप डिस्कची किल्ली सोडते. अपडेटने फर्मवेअर बदललं किंवा सिक्युअर बूट बंद पडलं, की नोंद जुळत नाही. लॅपटॉप चोरून कोणी त्यात फेरफार केला असता तर चिपला हेच दिसलं असतं, म्हणून तिने अडवलं ते योग्यच केलं.

पिनचं कारण थोडं वेगळं. विंडोजचा पिन कुठल्या सर्व्हरवर नसतो, तो त्याच मशीनच्या चिपमधली किल्ली वापरायला परवानगी देतो. अपडेटमध्ये चिप रिकामी झाली किंवा बंद पडली, तर बरोबर पिन टाकूनही काही होणार नाही. वयस्कर मंडळी अशा वेळी स्वतःला दोष देत बसतात. मुलाला सांगा, तो पिन विसरलेला नाही.

आता करायचं काय. आधी बायॉसमध्ये जाऊन पाहा. बरीच अपडेट्स सगळ्या सेटिंग मूळ स्थितीला नेतात आणि त्यात पीटीटी, एफटीपीएम किंवा सिक्युअर बूट बंद होतं. जे आधी चालू होतं ते पुन्हा चालू करा, सेव्ह करा. चिप नुसती बंद पडली असेल, पुसली गेली नसेल, तर कित्येकदा एवढ्यावर पिनही चालतो आणि कीसुद्धा मागत नाही.

नाहीच जमलं तर की शोधा. मोबाईलवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जा, तिथे डिव्हाइसच्या माहितीत रिकव्हरी की असते. निळ्या स्क्रीनवर की आयडी दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं जुळतील तीच तुमची की. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ती आयटी विभागाकडे असते. आणि इथे आपल्याकडची एक खरी अडचण आहे: लॅपटॉप विकताना दुकानदार स्वतःचा ईमेल टाकून विंडोज सुरू करून देतो. मग एन्क्रिप्शनची की त्याच्या अकाउंटमध्ये जाऊन बसते आणि मालकाला पत्ताच नसतो. तुमच्या अकाउंटमध्ये काही सापडलं नाही, तर ज्याने मशीन विकलं त्याला आधी हे विचारा. की कुठेच नसेल तर मायक्रोसॉफ्टही ती देऊ शकत नाही.

डेस्कटॉपवर लॉगिन स्क्रीनच्या ‘साइन-इन ऑप्शन्स’मधून पासवर्डने आत जा, मग सेटिंग्जमध्ये अकाउंट्सखाली पिन नव्याने लावा. इंटरनेट चालू ठेवा. पासवर्ड आठवत नसेल तर मोबाईलवरून बदलता येतो, पण ओटीपी जुन्या, रिचार्ज संपून बंद पडलेल्या नंबरवर जात असेल तर अडाल. तो नंबर आजच बदलून घ्या.

एएमडीच्या मशीनवर अपडेटनंतर कधीकधी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर येतो: एफटीपीएम रीसेट करायचं असेल तर वाय दाबा, जुनं ठेवायचं असेल तर एन. नौपाड्यातल्या एका सीएच्या ऑफिसमधून, रिटर्न भरायच्या गर्दीत, याच पडद्यावर थांबून मला फोन आला होता, “सर, वाय दाबू का?” मी एन दाबायला सांगितलं. त्यांनी आधी की शोधून कागदावर उतरवली, आकडे दोघांनी वाचून ताडून पाहिले, आणि मगच पुढच्या वेळी वाय दाबलं. पिन नवा लावावा लागला, फाइल सगळ्या शाबूत राहिल्या. मला वाटतं, हा प्रश्न इतक्या घाईच्या क्षणी सामान्य माणसापुढे टाकणं अन्यायाचं आहे. पण तो येणार हे धरूनच चाला.

आत गेल्यावरही प्रत्येक वेळी की मागत राहिला, तर कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरतं थांबवून) करून पुन्हा रिझ्यूम (सुरू) करा. नव्या फर्मवेअरशी जुळवून तो किल्ली परत बांधतो. विंडोज होममध्ये हा पर्याय दिसणार नाही, तिथे डिव्हाइस एन्क्रिप्शन (बिटलॉकरचंच साधं रूप) बंद करून परत चालू करता येतं, आणि त्याला बराच वेळ लागतो. पुढच्या वेळी पेनड्राइव्हवरून बायॉस टाकणार असाल तर सस्पेंड आधी करायचं, चार्जर लावून ठेवायचा, आणि डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर चालवायचा. मध्येच लाइट गेली तर मदरबोर्डच बंद पडू शकतो.

निळ्या स्क्रीनवरचा संदेश आणि लॅपटॉपचं मॉडेल इथे लिहा, मी बघतो. ते ४८ आकडे मात्र इथे टाकू नका, मलाही पाठवू नका.